शहर राहायला कसं आहे

ताईच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. उलट पत्र आलं त्याच दिवशी ते कागद घेऊन बसले होते. पत्र लहानसंच होतं. चष्म्याच्या दुकानाला गिऱ्हाईक आलंय, वरच्या खोलीसकट घ्यायला तयार आहे, एकटीनं आता होत नाही, विकून टाकावं म्हणते. आणि खाली एका ओळीत: 'तुमचं शहर राहायला कसं आहे? मी यावं का? विचार करून लिही.'

हे शेवटचं वाक्यच नडलं. अण्णांना विचार करायला सांगायचं नसतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताईला तर सगळ्यांत आधीपासून ठाऊक होतं. लहानपणी तिनंच त्यांचं नाव 'तळटीप' ठेवलं होतं. तरी ती असं लिहून बसली.

अण्णांनी सगळी नोकरी विश्वकोशाच्या कचेरीत काढली होती आणि त्यांच्याकडे शहरं होती. जगातल्या शहरांच्या नोंदी ते लिहीत. आधी स्थान, मग लोकसंख्या, हवामान, उद्योगधंदे, इतिहास, शेवटी प्रेक्षणीय स्थळं. ज्या गावांत कधी पाऊल टाकलं नाही, टाकण्याची शक्यता नव्हती, त्यांच्या पुलांची लांबी त्यांना पाठ असे. बहिणीला लिहायला बसले तेव्हा हात सवयीनं चालला: 'हे शहर नदीच्या दोन्ही तीरांवर वसले असून...' अर्धं पान झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, ताईनं नदी विचारलेली नाही. ते खोडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'राहायला तसं बरं आहे.' पण बरं म्हणजे कुणाच्या मानानं? नोकरी लागल्यापासून ते इथंच राहिले हे खरं, पण बघितलं काय? घर, कचेरी, वाचनालय आणि त्यांना जोडणारे तीन रस्ते.

आणि याखाली आणखी एक भीती होती. आपण 'ये' लिहिलं, ती दुकान विकून आली आणि तिला करमलं नाही तर? मग परत कुठं जाणार? 'येऊ नकोस' तर त्यांना लिहायचंच नव्हतं. बायको गेल्यापासून घरात दुसऱ्या कुणाच्या खोकण्याचा आवाज नव्हता. त्यांना ताई हवी होती. पण शहराच्या नोंदीत हे कुठल्या मथळ्याखाली घालायचं, ते त्यांना सुचेना.

हिवाळा गेला. कागद टेबलावर राहिला. आणि एका सकाळी दाराची घंटा वाजली.

"पत्राचं उत्तर आलं नाही," ताई पिशवी खाली ठेवत म्हणाली. "म्हटलं तुमच्याकडचं पोस्ट बुडालं असेल. बघून यावं."

"अगं, मी लिहीतच होतो."

"दिसतंय ना. शाई अजून ओली असेल." ती आत आली, तिनं त्यांच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेतला, उजेडात धरला. "हा कुणी बनवून दिला? एक काडी उत्तरेला, एक दक्षिणेला. बस इथं."

*

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे मुलं जेवायला आली. थोरला पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, त्याची बायको मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर. धाकटी शहराची बस चालवायची. तिला लग्नाचं विचारायचं घरानं सोडून दिलं होतं, कारण ती उलट प्रत्येकाला त्याच्या लग्नाचं विचारायची.

"गिऱ्हाईक किती दिवस थांबणार आहे?" थोरल्यानं विचारलं.

"मी परत गेले की हो का नाही सांगायचं. थांबून थांबून त्याचीही दाढी पिकली."

"मग ये की, आत्या. प्रश्न काय आहे? आमच्या बाजूला नवी वसाहत झालीय. लिफ्ट आहे, बाग आहे, रस्ते रुंद. आवाज म्हणशील तर नाहीच."

"माणसांचा पण नाही," धाकटी म्हणाली. "शेवटच्या थांब्याला मी बस वळवते ना तिथं. सबंध वसाहतीत एक कुत्रं दिसतं, तेही साखळीला."

"तुला गोंगाट म्हणजेच शहर वाटतं."

"मला शहर म्हणजे एक बस चुकली तर दुसरी येणार, आणि ती येईपर्यंत उभं राहायला भीती वाटणार नाही. एवढं असलं की झालं. आत्या, तू मध्यात राहा. माझ्याजवळ."

"तुझ्याजवळ म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय," थोरला म्हणाला. "तू दिवसभर बसवर. आत्या काय जिन्यावर बसून राहील?"

ताई मजेत ऐकत होती. दुकानात बसून तिला सवय झाली होती. लोक काच निवडताना जास्त बोलतात असा तिचा अनुभव होता. "तुझ्या मते काय असतं रे चांगलं शहर?" तिनं थोरल्याला विचारलं.

हा प्रश्न त्याला कचेरीत कधी कुणी विचारला नव्हता. "नळ सोडला की पाणी येतं, आणि ते का येतं याचा कुणाला विचार करावा लागत नाही. ते चांगलं शहर."

"म्हणजे तू काम चांगलं केलंस तर तुझी कुणाला आठवणच होणार नाही."

"होत नाहीच," सूनबाई म्हणाली. इतका वेळ ती ताटं गोळा करत होती. "आत्या, मी एक विचारू? रात्री तुम्ही पडलात तर किल्ली कुणाकडे असेल? खिडकीवर मी रोज बघते. माणूस येतो, त्याला बरोबर कोण असं विचारलं की तो मागं वळून बघतो. तिथं कुणी नसतं. वय झालेल्यांसाठी चांगली निवासं आहेत आता, नर्स असते..."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, धाकटीनं छताकडे.

"बरं झालं बोललीस," ताई म्हणाली, पण जरा कोरडं. मग ती भावाकडे वळली. "आणि तू? शेकडो शहरं लिहिलीस. तुझं काय म्हणणं?"

"तसं पाहिलं तर," अण्णा म्हणाले, "म्हणजे कुठल्या दृष्टीनं आपण..."

"आली तळटीप," ताई म्हणाली, आणि सगळे हसले. अण्णाही हसले. हसण्याच्या आडोशाला त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

"असं करते," ताई म्हणाली. "उद्या मी इथं राहून बघते. पाहुणी म्हणून नाही. साबण आणायचा, गोळ्या आणायच्या, बागेत बसायचं, कुणी काही दाखवायचं नाही. तळटीप बरोबर येईल, पण तोंड उघडायचं नाही."

"ते त्यांना जमेल," धाकटी म्हणाली.

*

घराण्यात एक खोड होती, आणि ती कुणी एकानं दुसऱ्याला शिकवली नव्हती. कुणाला काही हवं असलं की तोंडावर म्हणायचं नाही; पाठीमागून सोय करून ठेवायची. त्या संध्याकाळी दोन्ही मुलांनी आणि सूनबाईनं, एकमेकांना पत्ता लागू न देता, आपापल्या परीनं फोन केले.

सकाळी दोघं बसथांब्यावर आली तेव्हा बस जणू त्यांचीच वाट बघत होती. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं ताईला हात धरून वर घेतलं. "सावकाश हं, आत्या." खिडकीजवळची जागा रिकामी होती. ताई चकित झाली, खूश झाली.

औषधाच्या दुकानात रांग होती, पण काउंटरवरच्या मुलीनं मान उंचावून पाहिलं आणि हाक मारली, "या, पुढं या आत्या. गोळ्या बांधून ठेवल्यात." रांगेतले लोक बाजूला झाले. ताईनं गोळ्या घेतल्या. तिच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

बागेत कारंज्यासमोरचं बाक धुऊन पुसून ठेवलेलं होतं, आणि रखवालदार त्याच्याजवळ हात बांधून उभा होता. "बसा, आत्या. सकाळपासून कुणाला बसू दिलं नाही मी."

ताई बसली. पाणी वर जाऊन खाली पडताना बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "सगळ्या शहराला मी आत्या लागते हे कुणी सांगितलं?"

अण्णांना तोंड उघडायची मनाई होती. त्यांनी ती पाळली.

"सूनबाईनं गोळ्या, धाकटीनं बस, थोरल्यानं कारंजं. तू काय केलंस? नदी वळवलीस?"

"मी काहीच नाही केलं," अण्णा म्हणाले. आणि त्यांना एकदम वाटलं, इथंच तर आपलं चुकलं.

"ऊठ," ताई म्हणाली.

बागेच्या मागच्या फाटकातून ती बाहेर पडली आणि आली ती पहिली बस पकडली. या ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. दोघं उभी राहिली. एका वळणावर, काही कारण नसताना, ताई उतरली, मागोमाग अण्णा. बस गेली आणि अण्णांनी पाटी शोधली. पाटी होती, पण नाव त्यांना ओळखीचं नव्हतं. पन्नासेक वर्षांत ते या रस्त्याला आले नव्हते.

"कुठं आलो रे?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी मागंपुढं काही न जोडता म्हटले, असं फार दिवसांनी झालं.

कारागिरांचा रस्ता होता. दारांत खुर्च्यांच्या पाठी विणायला टांगलेल्या, सोफ्यांतून निघालेला कापूस, एका ठिकाणी नुसत्या कुलपांची भिंत. ताईची नजर माणसांच्या नाकांवर. कट्ट्यावर वाचत बसलेल्या एका बाईजवळ ती थांबली. "तुमचा चष्मा डावीकडे कललाय. द्या, सरळ करून देते." बाईनं चष्मा घट्ट धरला, पिशवीही घट्ट धरली आणि उठून आत गेली.

"आमच्याकडे कुणीही देतं," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. दुकान, वरची खोली, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या चष्म्याचा नंबर माहीत असणं, हे सगळं आपण विकायला निघालोय, हे तिला त्या कट्ट्यापाशी पहिल्यांदा कळलं असावं. अण्णांनी ते पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी घसा साफ केला. तेवढंच.

पुढं शिडीवर एक माणूस दुकानाची पाटी रंगवत होता. चष्मा दर अक्षराला घसरायचा, आणि तो दर अक्षराला मनगटानं वर ढकलायचा. नाकावर निळा रंग.

"ओ पेंटर," ताईनं खालून हाक दिली. "चष्मा खाली द्या."

"का? विकत घेताय?"

"सरळ करून देते. काडी सैल झालीय."

"आणि मी वर काय आंधळा बसू?"

"बसा की थोडा वेळ. अर्धी पाटी तशीच रंगवलेली दिसतेय."

शिडीवरून हसू आलं, मग माणूसच खाली आला. चष्मा काढून त्यानं तिच्या हातावर ठेवला, सरळ, जसा कुणी दुकानदाराच्या हातावर सुटे पैसे ठेवतो. ताईनं पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. पेंटर डोळे बारीक करून तिच्या हातांकडे बघत होता, त्याला काही दिसत नसावं.

"इथं राहायला कसं आहे हो?" तिनं मान वर न करता विचारलं.

"इथं? आवाज फार. दुपारी पाणी जातं, रोज. समोरचा तो कुलूपवाला, त्याच्याशी माझं शिडीवरून भांडण आहे. भाडं वाढत चाललंय."

"मग सोडून का जात नाही?"

त्यानं खरंच विचार केला. "इथं कुणाशी कशावरून भांडायचं ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "नव्या ठिकाणी गेलं की भांडणं पहिल्यापासून सुरू करावी लागतात. या वयात कोण करतं. तुम्ही इथं राहायला येणार का?"

"ते हा ठरवणार आहे. माझा भाऊ."

पेंटरनं चष्मा घातला, मान हलवून पाहिली, घसरला नाही. मग स्वच्छ दिसायला लागलेल्या डोळ्यांनी त्यानं अण्णांकडे पाहिलं. "काय ठरवलंत मग?"

आजवर हा प्रश्न कागदावर होता, त्यामुळे उलटा ठेवता येत होता. अण्णांनी पेंटरकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुढं काही आलं नाही.

ताईनं स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला. "चल," ती म्हणाली. "घरी जाऊ."

*

"कुठल्या रस्त्याला दुपारी पाणी जातं?" थोरल्याचा चहा तसाच राहिला होता. "रोज? मला तक्रार नाही आलेली."

"ते तक्रार करत नाहीत, ते बादल्या भरून ठेवतात," ताई म्हणाली. "ते राहू दे. फोन कुणाचा पहिला?"

"माझा फक्त एका ड्रायव्हरला," धाकटी म्हणाली. "दादानं बाग धुवून घेतली."

"बाक. बाग नाही."

"आणि वहिनीनं तर रांग मोडली."

"हो, मोडली," सूनबाई म्हणाली आणि कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेली. ताई मागोमाग गेली.

सूनबाईनं नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. हे बोलायचं तिनं सकाळी बसमध्ये घोकलं होतं, पण आता ते उलट्या क्रमानं बाहेर आलं. "मी निवासाचं म्हटलं ते तुमचा राग म्हणून नाही. अण्णांचं मीच बघते. एक दिवसाआड येते, ते कधी ये म्हणत नाहीत, मी आपली येते, गोळ्या मोजते, जाते. ते आभार मानायलासुद्धा लाजतात. उद्या तुमचंही माझ्यावरच येईल. यांना कळणारही नाही, पाणी येतंय ना, मग झालं. मला भीती वाटते, आत्या."

"वाटणारच," ताई म्हणाली. तिनं फडकं घेतलं आणि एक कप पुसायला लागली. "या शहरानं तीन दिवसांत माझ्याशी केलेलं हे तिसरं खरं बोलणं. पहिलं त्या बाईचं, चष्मा न देणारीचं, दुसरं पेंटरचं. मी आले तर गोळ्या मी मोजेन. त्याच्याही. तू यायचं ते चहाला ये."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"तर तू म्हणालीस तशी किल्ली लागेल. ती तुझ्याकडे एक ठेव, खालच्या मजल्यावर एक देऊ. खाली कोण राहतं?"

सूनबाईला माहीत नव्हतं. दोघी दारात आल्या. "अण्णा, खाली कोण राहतं?"

अण्णा दाराशीच उभे होते. नळ फार बारीक सोडला गेला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक दिवसाआड. ती जाता-येता डोकावते असं ते समजत होते. "एक गृहस्थ आहेत," ते म्हणाले. "टोपी घालतात."

"नाव?"

त्यांना नाव माहीत नव्हतं.

"मला वाटतं आत्यानं यावं," सूनबाई म्हणाली, आणि आता थोरला बघतच राहिला, कारण वादात आपली बाजू कोणती हे त्याला कळेना. "पण अण्णांकडे. वसाहतीत नाही, तिसऱ्या मजल्यावर नाही."

"अण्णांना विचारलं का कुणी?" धाकटीनं म्हटलं.

"मी विचारलंय," ताई म्हणाली. "हिवाळ्यात."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"नको, आता नको बोलू," ताईचा सूर मऊ होता. "तोंडी तुझं सगळं 'तसं पाहिलं तर'मध्ये वाहून जातं, आणि मग घरी जाऊन मी विचार करत बसते, म्हणाला तरी काय. मी पत्र टाकलं होतं, मला पत्राचं उत्तर हवं. उद्या जाते. गिऱ्हाइकाला आठवडाभर थोपवते. पत्र आलं तर विकीन. नाही आलं तर तसं सांगीन त्याला, दुकान माझंच राहील, आणि आपण दोघं आपापल्या जागी बरी आहोत."

*

ती गेली त्या दुपारी अण्णा टेबलाशी बसले. 'हे शहर नदीच्या...' असं हाताला येऊ लागलं, तेव्हा ते उठले आणि खाली गेले. खालच्या दारासमोर ते बराच वेळ उभे राहिले. घंटा वाजवायची आणि मग काय म्हणायचं, याची तीन वाक्यं त्यांनी तयार केली, तिन्ही वाईट होती. त्यांनी घंटा वाजवली.

टोपीवाले गृहस्थ घरात टोपी घालत नव्हते. त्यामुळे दोघंही थोडे गोंधळले.

"मी वरचा," अण्णा म्हणाले. "माझी बहीण कदाचित राहायला येईल. तुमच्याकडे आमची एक किल्ली ठेवली तर चालेल का?"

"चालेल की," गृहस्थ म्हणाले. मग जरा थांबून, "मीही कधीचा विचारणार होतो. आमची तुमच्याकडे ठेवाल का? वर जावं म्हटलं, पण तुम्ही नेहमी वाचत असता."

वर येऊन अण्णांनी लिहिलं, आणि एकदाही खोडलं नाही. ताई, शहर राहायला कसं आहे ते मला माहीत नाही. मी त्यात फारसा राहिलोच नाही. आवाज आहे. आपण उतरलो त्या रस्त्याला दुपारी पाणी जातं, थोरला आज तिथं गेला आहे आणि पेंटरशी वाद घालतो आहे असं धाकटी सांगते. लोक चष्मा देतातच असं नाही. तुला पहिले काही महिने एकटं वाटेल, आणि त्याचा राग तू माझ्यावर काढशील, तो काढ. तू आलीस आणि तुला करमलं नाही तर चूक माझी असेल, आणि ती चूक करायची माझी तयारी आहे. सूनबाईला मी आज फोन करून एक दिवसाआडचं माहीत आहे असं सांगितलं; ती रडली, मी काय बोलावं ते सुचलं नाही, पण फोन ठेवला नाही. खालच्यांकडे किल्ली दिली आहे. आतली खोली उजेडाची आहे, तुझं काम करायला टेबल तिथं बसेल. मला तू इथं हवी आहेस. ये.

पाकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले. पाकीट फटीत घातलं, पण बोटं सुटेनात. 'तयारी आहे' हे जरा जास्त झालं का? 'ये' एकटंच फार उघडं वाटतं का, त्याला काही आधी, काही मागं...

"झालं असेल तर सरकता का जरा?" मागून कुणी म्हणालं. एक तरुण बाई, हातात पाकिटांचा गठ्ठा, एका कानाला फोन.

"हो," अण्णा म्हणाले. "झालं." त्यांनी बोटं सोडली, आत कागद पडल्याचा आवाज ऐकला, आणि ते बाजूला झाले.